डाव्या सोंडेचा, उजव्या सोंडेचा

दसरा उलटला, की आमच्या ओटीवर एक ठराविक प्रश्न चपला काढून आत येतो. "मास्तर, यंदा पाडव्याला कॅमेरा घ्यायचा म्हणतो. कॅनन घेऊ, की निकॉन? की हल्ली सगळे सोनी-सोनी म्हणतात, तो घेऊ?" विचारणारा कधी माझा जुना विद्यार्थी असतो, कधी बँकेतला कारकून, तर कधी नुकताच पेन्शनीत निघालेला एखादा सहकारी. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून शेजारच्या बारशापर्यंत कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा मी एक हौशी माणूस. तेव्हा हा प्रश्न त्यांनी मला विचारावा, यात त्यांचे काही चुकत नाही. चुकतो तो प्रश्नच. तो का चुकतो, हे मी आजवर चहाच्या एका कपात कुणालाही पटवू शकलेलो नाही. म्हणून या दिवाळीला चार पाने अडवून बसलो आहे. माझे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण फराळाच्या ताटातही एखादे कारले असावे, असे आमच्या घरचे जुने मत आहे.

कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या माणसाला पहिली दीक्षा मिळते ती पंथाची. कॅमेरा हातात येण्याच्या आधीच तो कॅननवाला झालेला असतो, नाही तर निकॉनवाला. मग असे दोघे एका मांडवाखाली भेटले, की मुलीकडचे आणि मुलाकडचे यांच्यातही होत नाहीत असे रुसवेफुगवे सुरू होतात. एकाच्या मते माणसाच्या कातडीचा रंग काय तो कॅननलाच कळला. दुसऱ्याच्या मते सावलीतला बारकावा पाहावा तर निकॉनचाच. निकॉनची लेन्स बसवताना, समोरून पाहिले तर, ती डावीकडे फिरवावी लागते आणि कॅननची उजवीकडे. एवढ्या भांडवलावर दोन चांगली शहाणीसुरती, मुलाबाळांची माणसे अर्धा तास भांडताना मी पाहिली आहेत. डाव्या सोंडेचा गणपती बसवावा की उजव्या सोंडेचा, हा वाद निदान देवाचा तरी आहे. उजव्या सोंडेचा कडक असतो, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, अशी आपली समजूत आहे. पण कॅमेऱ्याची सोंड कोणत्याही बाजूला वळली, तरी तो प्रसन्न होतो तो प्रकाशाला. तुमच्या निष्ठेशी त्याला कर्तव्य नसते.

या पंथवाल्यांना त्यांच्या कुळाचा थोडा इतिहास सांगायला हवा. कॅननची सुरुवात १९३३ साली तोक्योतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत झाली. १९३४ साली त्या मंडळींनी आपल्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना केला आणि त्याचे नाव ठेवले ‘क्वानॉन’. क्वानॉन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन, मान किंचित कलती करून उभा असलेला पद्मपाणि तो हाच. पुढे या मंडळींनी कॅमेरा विकायला काढला. पण उत्तम लेन्स घडवण्याची विद्या तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. ती लेन्स त्यांना करून दिली निप्पॉन कोगाकू या दुसऱ्या जपानी कंपनीने. आणि ही निप्पॉन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन! ज्या कॅननसाठी आमचे मित्र निकॉनवाल्यांशी अबोला धरतात, त्या कॅननला पहिला डोळा निकॉनने दिलेला आहे.

बरे, तिसरे सोनीचे. या कंपनीने २००६ साली कोनिका-मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा आपल्याकडे घेतला आणि त्या वाटेने ती या आखाड्यात उतरली. २०१२ साली निकॉनचा डी ८०० नावाचा कॅमेरा फार गाजला. त्याच्या पोटातला सेन्सर, म्हणजे जुन्या फिल्मच्या जागी बसून चित्र टिपणारी चकती, सोनीने केलेली होती. म्हणजे वरची मंडळी एकमेकांच्या घरी पीठमीठ उसने नेत आहेत, आणि खाली आपण त्यांच्या नावाने डोकी फोडून घेत आहोत. राजकारणात हे आपल्या अंगवळणी पडले आहे. निदान हौसेत तरी ते कशाला?

दुसरा पंथ मापवाल्यांचा. हे लोक कंपनीचे नाव काढत नाहीत. त्यांना ‘फुल फ्रेम’ हवी असते. छत्तीस मिलिमीटर लांब आणि चोवीस मिलिमीटर रुंद एवढ्या मापाचा सेन्सर ज्यात असतो, तो कॅमेरा फुल फ्रेम. त्याहून लहान सेन्सर वापरणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धाच छायाचित्रकार. आता हे ‘पूर्ण’ माप आले कोठून? जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रज्ञ होता. त्याने सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म आडवी घातली, सिनेमाच्या दोन चौकटी एक केल्या आणि चोवीस बाय छत्तीसची चौकट तयार झाली. त्यातून निघालेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे मांडला गेला. जाड काचांवर मोठमोठी चित्रे घेणाऱ्या त्या काळच्या छायाचित्रकारांपुढे ही चौकट म्हणजे पोस्टाचे तिकीट! सोय म्हणून पत्करलेले ते चिमुकले माप आज शंभर वर्षांनी ‘पूर्ण’ म्हणून मिरवते आहे. पूर्णत्व हे असे ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते.

मोठा सेन्सर प्रकाश अधिक घेतो, हे खरे. ते मी नाकारीत नाही. पण किती अधिक, ते पाहू. मॅट्रिकपर्यंतच्या गणिताला झेपेल एवढाच हिशोब आहे. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याच्या खालच्या ‘एपीएस-सी’ मापाचा सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा; क्षेत्रफळ सुमारे ३६५. म्हणजे फरक सव्वादोन-अडीच पटींचा. आता लेन्सचा हिशोब करा. कॅमेऱ्याबरोबर दुकानदार जी मागेपुढे होणारी लेन्स गळ्यात मारतो, ती चेहरा जवळ आणला म्हणजे बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. उलट जिची लांबी बदलत नाही अशी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. उत्तर साडेनऊच्या वर जाते. मोठ्या सेन्सरने मिळाला अडीचपट प्रकाश. लहानशा लेन्सने मिळाला साडेनऊपट! माजघरातल्या एका दिव्याच्या उजेडात पहिल्या लेन्सने जो फोटो काढायला सेकंदाचा दहावा भाग लागेल आणि हात हलून चेहरा पुसला जाईल, तोच दुसरीने सेकंदाच्या जवळजवळ शंभराव्या भागात निघेल आणि डोळ्यांच्या कडेची सुरकुती न् सुरकुती उतरेल. ही लेन्स कॅननही करते, निकॉनही करते, सोनीही करते. आणि लेन्सांच्या बाजारात ती गरिबांचीच मानली जाते. पण हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही. सांगेल कसा? त्याच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर जे मांडले आहे, ते मग कोण घेणार?

पिक्सेलांचेही तेच. भिंतीवर लावायचा आठ बाय दहा इंचांचा फोटो, दर इंचाला तीनशे ठिपके असा अगदी बारीक छापला, तरी बहात्तर लाख ठिपके पुरतात. बारा बाय पंधरा इंचांना एक कोटी बासष्ट लाख. आज दोन कोटी चाळीस लाखांचे कॅमेरे सर्रास मिळतात. तेवढ्याने ज्यांचे भागत नाही, त्यांच्या घरची भिंत केवढी असेल, असे मला वाटे. चौकशी केली, तेव्हा कळले, की त्यांच्या भिंतीवर त्यांनी काढलेला एकही फोटो नाही.

आता तिसरा पंथ, साधूंचा. हे डोळे मिटून म्हणतात, "कॅमेऱ्यात काय आहे? दृष्टी हवी!" ऐकायला गोड आहे, पण हे म्हणणाऱ्यांच्या कपाटात चार-चार कॅमेरे असतात, असा माझा अनुभव आहे. भरल्या पोटी उपासाची महती सांगावी, तशातला हा प्रकार. अंधाऱ्या माजघरात नुसत्या दृष्टीने फोटो निघत नाही; काच लागते, आणि उघडी काच लागते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्याचा मोठा भाग लायका आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स यांवर काढला. आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स घेऊन राष्ट्राचा इतिहास टिपत राहिल्या. साधुमहाराज ही नावे घेतात, ती हत्याराला महत्त्व नाही हे दाखवण्यासाठी. मला त्यांत उलटेच दिसते. या माणसांनी हत्यार निवडले, कामाकडे पाहून निवडले, आणि मग निवडणे थांबवून ती कामाला लागली. आपल्याला पहिल्या दोन पायऱ्या जमतीलही. अडते ते तिसरीवर. निवडण्याचीच आपल्याला चटक लागते.

ही चटक काय करते, हे मी दुसऱ्याचे उदाहरण देऊन सांगू शकलो असतो. पण ते खोटे होईल.

२०२२ साली माझा जुना कॅमेरा बंद पडला. नवा घ्यायचा होता. पैसे मास्तरकीचे, तेव्हा चूक करून चालणार नव्हते. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. तिच्यात तक्ते आखले. आरसेवाला घ्यावा, की बिनआरशाचा? २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही फुल फ्रेमचे बिनआरशाचे कॅमेरे बाजारात आणल्यापासून आरसेवाल्यांचे दिवस भरले, असे जो तो म्हणत होता. मग ते जुने स्वस्तात घ्यावेत, की थोडे थांबून नवा घ्यावा? मी थांबलो. थांबलो, की आणखी एक नवा निघे. मग त्याच्यासाठी एक नवा रकाना.

त्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आमच्या जुन्या घरात माझी आत्या राहत असे. आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवले. पाडव्याच्या दुपारी ती म्हणाली, "अरे, साऱ्या गावाचे फोटो काढतोस, एक माझा काढ की. भिंतीवर लावायला लागेल. ते ठेवणीतलं लुगडं नेसते."

मी म्हणालो, "थांब आत्या, चांगला कॅमेरा ठरतो आहे. पुढच्या खेपेला काढू."

ती हसली. दात पडल्यापासून हसताना ती पदर तोंडाला लावत असे. खिशात माझा मोबाइल होता. पण मोबाइलचा फोटो हा काय फोटो, असे माझे त्या वेळी ठाम मत होते. वहीत तसे लिहूनही ठेवले होते.

पुढच्या खेपेलाही कॅमेरा ठरला नव्हता. तिनेही पुन्हा विचारले नाही. २०२४ च्या श्रावणात ती गेली. बाराव्याच्या आदल्या दिवशी फोटोची आठवण झाली. घरभर शोधले. लग्नांच्या घोळक्यांत ती होती, पण कुठे पाठमोरी, कुठे कुणाच्या तरी खांद्याआड, कुठे पंगतीत वाढताना वाकलेली. अखेर तिच्या ओळखपत्रावरचा तो बोटाच्या पेराएवढा फोटो मोठा करून आणला. ताठ डोळे, घट्ट मिटलेले ओठ, जणू कुणी दरडावून बसवले आहे. हार घातला. माझ्या पुतण्याची पाच वर्षांची मुलगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ती त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ही कोण? ही आजी नाही."

त्याच भिंतीवर शेजारी माझ्या वडिलांचा फोटो आहे. गावातल्या एका कंपाउंडरने आपल्या आगफा क्लिकवर, आमच्याच ओट्यावर, सकाळच्या उन्हात काढलेला. तो डबा कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो निघत, आणि फिरवण्या-जुळवण्यासारखे त्याला फारसे काही नव्हते. फोटो कडेला जरा पिवळा पडला आहे. पण वडील वडिलांसारखे दिसतात. घरी परतल्यावर वही काढून पाहिली. एकसष्ट पाने भरली होती. तिच्यात आत्याचे नाव कोठेच नव्हते.

म्हणून आता ‘कोणता घेऊ?’ असे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "कुणाचा फोटो काढायचा आहे?" बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही; ते ‘असेच, सगळ्याचेच’ म्हणतात. त्यांना मी कॅमेरा घेऊ नका म्हणून सांगतो. ज्याला भिगवणला जाऊन धरणाकाठचे पक्षी टिपायचे आहेत, त्याला लांब पल्ल्याची लेन्स लागेल; तिच्यासाठी पैसे राखावेत आणि कॅमेरा जुना घ्यावा. ज्याला घरची माणसे टिपायची आहेत, त्याला ती उघडी, साधी लेन्स पुरे. ज्याला पायी हिंडून गडकिल्ले पाहायचे आहेत, त्याने वजन पाहावे. राजगडाच्या चढावर फुल फ्रेमचा अभिमान फार वेळ टिकत नाही. ज्याच्यापाशी मोबाइलच आहे, त्याने ओशाळण्याचे कारण नाही. दिवसाच्या उजेडात, अंगणात, खिडकीशी बसवून तो सुरेख काम करतो. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, म्हणून अंधारात त्याचा आग्रह धरू नये. आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या पुसून त्यांना गुळगुळीत करण्याची जी त्याला खोड असते, ती आधी बंद करावी. त्या सुरकुत्या त्यांनी कमावलेल्या असतात.

मग कंपनीचे काय? तिला काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. कॅमेरा घेणे ही एक सोयरीक आहे. एकाची लेन्स दुसऱ्याला सरळपणे बसत नाही, आणि कॅमेरा बदलला तरी लेन्सा मागे राहतात. तेव्हा ज्या घराशी सोयरीक कराल, ते घर वरचेवर बदलता येत नाही. पण म्हणूनच आपल्या गावात दुरुस्ती कोणत्या कंपनीची होते, ते पाहावे. आपल्या मेहुण्याकडे, मित्राकडे कोणत्या कंपनीच्या लेन्सा आहेत, ते पाहावे. उसनी मिळणारी लेन्स ही तक्त्यात न येणारी, पण सर्वांत मोलाची सोय आहे. आणि कॅमेरा हातात धरून पाहावा. बोट आपोआप कळीवर जाते का? चष्मा लावून त्यातून नीट दिसते का? आवाज किती होतो? बिनआरशाचे कित्येक कॅमेरे अगदी मुक्याने फोटो घेतात. लाजणाऱ्या माणसांसाठी हे मोठेच वरदान आहे. एवढे पाहायला एक दुपार पुरते. दोन वर्षे लागत नाहीत.

दुसरा आग्रह असा, की काढलेला फोटो कागदावर छापून घ्यावा. यंत्रात साठलेले हजारो फोटो हे बँकेत नाव नसलेल्या ठेवीसारखे आहेत. मोबाइल विहिरीत पडतो, संगणक बसतो, परवलीचा शब्द माणसाबरोबर जातो. कागद पिवळा होतो, पण भिंतीवर राहतो.

मी गेल्या वर्षी एका सहकाऱ्याचा वापरलेला कॅमेरा त्याच्या घरी बसून, दुसरा चहा येण्याच्या आत घेतला. तो डाव्या सोंडेचा आहे की उजव्या, हे मी येथे सांगणार नाही. सांगितले, तर वरचे सगळे विसरून निम्मे वाचक माझे होतील आणि निम्मे वैरी. भाऊबीजेला तो घेऊन मी गावी गेलो, आणि आमच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या त्यांच्या उंबऱ्याशी बसवून त्यांचे फोटो काढले. तालुक्याला जाऊन आठ बाय दहाच्या आकारात छापून आणले आणि घरोघर नेऊन दिले.

आत्याच्या बरोबरीची एक काकू आहे. तिने फोटो हातात घेऊन दाराच्या उजेडात धरला. कोणत्या कंपनीचा कॅमेरा, हे तिने विचारले नाही. पुष्कळ वेळाने म्हणाली, "एवढी म्हातारी झाले होय रे मी?" मग पदराने काच पुसावी तसा तो कागद हलक्या हाताने पुसला, आत गेली, ट्रंक उघडली आणि ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत तो नीट सरकवून ठेवला. म्हणाली, "हं. आता कुणाला शोधायला नको."